एसएसडी घ्यायची आहे? आधी झाकण उघडा

अडाजणच्या आमच्या घरी बाबांचा कॉम्प्युटर सुरू करण्याचा एक ठरलेला क्रम होता. बटण दाबायचं, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा, गाळायचा, कप घेऊन परत यायचं, आणि तरीही पडद्यावर ते ठिपक्यांचं चक्र फिरतच असायचं. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. मशीन कामाला बसण्याजोगं व्हायला नऊ मिनिटं लागली. बाबांची काही तक्रार नव्हती. "निवृत्त माणसाला घाई कसली," म्हणायचे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्या डब्यातून आवाज यायला लागला. टिक्, टिक्, मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा टिक्. मी आयटीत काम करते, त्यामुळे हा आवाज मला ओळखीचा. पोटात गोळाच आला. कारण त्या डिस्कवर काय आहे ते मला माहीत होतं.

सुरतेतल्या जुन्या मंडळींना २००६ चा ऑगस्ट वेगळा सांगायला नको. उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीने शहरात आणलं तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. आई-बाबांनी धान्याचे डबे, सिलिंडर आणि कागदपत्रांची बॅग वर नेली. फोटोंचे अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते, ते राहिले. पाणी उतरल्यावर आईने ते उन्हात ठेवले, पण पानं एकमेकांना चिकटली होती. सोडवायला गेलं की चेहऱ्यांसकट रंग निघून यायचा. पुढची दोन-तीन वर्षं बाबांनी एकच उद्योग केला. अमळनेरच्या आत्याकडून, भुसावळच्या मामाकडून, ज्याच्याकडे म्हणून आमच्या घरातल्या कुणाचा फोटो होता त्याच्याकडून तो मागून आणायचा, स्कॅन करायचा, परत करायचा. आजीचा एकमेव हसरा फोटो असाच कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून मिळाला. ते सगळे स्कॅन, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांचे फोटो, त्या टिकटिकणाऱ्या डिस्कवर होते. फक्त तिच्यावर.

म्हणून एसएसडी कोणती घ्यावी हे सांगण्याआधी हे सांगते : हार्ड डिस्क असा आवाज करायला लागली तर ती पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहू नका. विंडोज नव्याने टाकायच्या किंवा "रिपेअर" करण्याच्या फंदात तर पडूच नका. दुसरी डिस्क जोडा आणि ज्याची जगात दुसरी प्रत नाही तेच आधी उतरवा. आम्ही रात्रभर कॉपी लावून ठेवली. सकाळी पाहिलं तर चौदा फोटो सोडून सगळे आले होते. आजी त्या चौदांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा आला. तो कॉलेज करता करता रिंग रोडच्या मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यासाठी साड्यांची डिझाइन्स काढतो. सुरतेत अशी मुलं गल्लोगल्ली सापडतील. त्याच्याकडे मोबाइलवर यादी तयार होती. "मावशी, आजोबांना जेन ५ टाकूया. चौदा हजार एमबीपीएस!" त्याला स्वतःच्या लॅपटॉपसाठीही एक घ्यायची होती, म्हणजे एका फेरीत दोन कामं. मी म्हटलं, आधी दोन्ही मशीनची झाकणं उघडू, मग बाजारात जाऊ.

पण त्याआधी, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की एवढा फरक पडतो तो का? हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, डेस्कटॉपमधली साधारण मिनिटाला ७,२०० वेळा, आणि एक बारीक दांडा तिच्यावर मागेपुढे सरकत हवी ती जागा शोधतो. दांडा जागेवर जायला आठ-नऊ मिलिसेकंद, मग ती जागा फिरत त्याच्याखाली यायला सरासरी चार. म्हणजे विखुरलेले तुकडे गोळा करायचे असतील तर सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर. विंडोज सुरू होताना अशाच हजारो छोट्या फाइली इथून तिथून उचलते. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक एकेक साडी मागतंय आणि एकच गडी प्रत्येक वेळी गोदामात पळत जाऊन एकेक आणतोय, तसं ते असतं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. चिपमधल्या कुठल्याही कप्प्यात विजेने थेट हात घालता येतो, आणि सेकंदाला असे हजारो तुकडे मिळतात. घरच्या माणसाला जाणवणारा वेग तो हा. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा वेगळ्याच गोष्टीचा असतो, त्याच्याकडे येतेच.

या चिपची कल्पना तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली. त्यातला माहिती पुसण्याचा प्रकार कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा झटक्यात होतो म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने "फ्लॅश" हे नाव सुचवलं. १९९१ साली सॅनडिस्कने आयबीएमला दिलेली एसएसडी २० एमबीची होती आणि तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर. आज आपल्या मोबाइलमधले चार-पाच फोटोसुद्धा तिच्यात दाटीवाटीने बसतील.

तर झाकण. बाबांचा डेस्कटॉप २०१३ च्या सुमाराचा. आत पाहिलं तर साटाच्या चार जोडण्या, बस्स. एम डॉट टूचा खाचा नाहीच. म्हणजे जेन ४, जेन ५ हा विषय तिथेच संपला. इथे अडीच इंची, चपट्या काडेपेटीसारखी दिसणारी साटा एसएसडी लागणार, आणि साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी. भाच्याचा चेहरा पडला.

त्याच्या लॅपटॉपमध्ये मात्र एम डॉट टूचा खाचा होता. एम डॉट टू म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती पट्टी. तिच्यावर २२८० असा आकडा दिसतो, त्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. काही छोट्या लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० च बसते, म्हणून मोजून घ्या. आणि इथेच एक सापळा आहे, ज्यात मी स्वतः पडले आहे. एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात आतून साटा भाषा बोलणाऱ्या पट्ट्याही येतात आणि एनव्हीएमई बोलणाऱ्याही. काही वर्षांपूर्वी बहिणीच्या लॅपटॉपसाठी मी ऐटीत एनव्हीएमई पट्टी आणली. खाच्यात ती बसली, स्क्रू लागला, आणि लॅपटॉपला ती दिसेचना, कारण त्या खाच्याला फक्त साटा कळत होतं. पाकीट फोडलेलं, त्यामुळे दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. चूक माझीच. लॅपटॉपचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरचं माहितीपत्रक दोन मिनिटं वाचलं असतं तर कळलं असतं.

आता डब्यावरचे आकडे. साटा ५५०, एनव्हीएमईत जेन ३ साधारण ३,५००, जेन ४ सात हजारांच्या आसपास, जेन ५ चौदा हजारांपर्यंत, सगळे सेकंदाला एमबी. हे आकडे खोटे नाहीत, पण ते एक मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. आपण घरी सलग फार कमी वाचतो. विंडोज सुरू होणं, क्रोम उघडणं, टॅलीत एन्ट्री करणं हे सगळं त्या विखुरलेल्या छोट्या तुकड्यांचं काम. तिथे साटा आणि जेन ४ मधला फरक काही सेकंदांचा असतो, आणि जेन ४ नि जेन ५ मधला तर शेजारी शेजारी ठेवून पाहिला तरी सांगता येणार नाही. हार्ड डिस्क ते कुठलीही बरी एसएसडी हा नऊ मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावरचा प्रवास. त्याच्यापुढचं सगळं अर्ध्या मिनिटाचं वीस सेकंद करणं. गेम खेळणाऱ्या मंडळींना हे पटत नाही, मला माहीत आहे. जेन ५ गरमही जास्त होते, तिला जाडजूड हीटसिंक लागतो, आणि सुरतेच्या मे महिन्यात लॅपटॉपला तेवढी एकच गोष्ट कमी होती.

मोठा आकडा उपयोगी पडतो तो लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांना, किंवा जे रोज शेकडो जीबी इकडून तिकडे हलवतात त्यांना. भाच्याचं काम मधलं. साडीच्या एका डिझाइनमध्ये थरांवर थर, फाइल एकेक दीड जीबीची, आणि फोटोशॉपला रॅम कमी पडली की तो डिस्कवरच पाटी पसरतो. म्हणून त्याला एनव्हीएमई हवी हे बरोबर, पण कोणती, तर डब्यावर मोठ्या अक्षरात नसतं ते पाहून ठरवायची.

ते म्हणजे टीएलसी की क्यूएलसी. चिपच्या प्रत्येक बारीक कप्प्यात विजेचा भार साठवतात. टाकीवर पाण्याच्या पातळीच्या खुणा असाव्यात तसं समजा. टीएलसीत एका कप्प्यात तीन बिट, म्हणजे आठ वेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत चार बिट, म्हणजे सोळा. तेवढ्याच टाकीवर सोळा खुणा केल्या की त्या जवळजवळ येतात. पाणी नेमक्या खुणेपर्यंत भरायला वेळ लागतो आणि कप्पा झिजला की चूक होण्याची शक्यता वाढते. त्याबदल्यात तेवढ्याच पैशांत जागा जास्त मिळते.

मग दोन्हींचा छापलेला वेग सारखाच कसा? कारण कंपन्या रिकाम्या जागेचा एक भाग तात्पुरता एक-बिटी वापरतात, धक्क्यावर माल उतरवून घ्यावा तसा. धक्का मोकळा आहे तोवर सगळं सुसाट. धक्का भरला की माल आत नेऊन लावल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. क्यूएलसीवर एकदम दीड-दोनशे जीबीचं शूटिंग टाकायला लागा, सुरुवातीला जोरात जाईल आणि मग वेग कधी कधी जुन्या हार्ड डिस्कएवढा, कधी त्याच्याही खाली येईल. एसएसडी भरत आली असेल तर धक्काच लहान झालेला असतो, त्यामुळे हे लवकर घडतं. रोज थोडं थोडं लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. माझं मत असं : नुसते गेम आणि सिनेमे ठेवायला क्यूएलसी चालेल, पण ज्या डिस्कवर विंडोज आणि रोजचं काम आहे ती टीएलसीच घ्यावी. किमतीत फार अंतर नसतं.

दुसरी गोष्ट डीरॅम. कुठला तुकडा कुठल्या कप्प्यात आहे याची वही एसएसडीला ठेवावी लागते. महागड्या एसएसडीत त्या वहीसाठी वेगळी रॅमची चिप असते, स्वस्तात नसते. एनव्हीएमईत नसली तरी फारसं बिघडत नाही, कारण ती कॉम्प्युटरच्या रॅममधली थोडी जागा त्यासाठी उसनी घेऊ शकते. साटाला ती सोय नाही. म्हणून भाच्यासाठी डीरॅम नसलेली टीएलसी एनव्हीएमई मी डोळे मिटून चालवून घेतली, पण बाबांच्या साटासाठी डीरॅम असलेली मिळते का ते पाहिलं.

एक अडचण अशी की नाव तेच ठेवून आतला माल बदलतो. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी२ मध्ये टीएलसीच्या जागी क्यूएलसी आल्याचं परीक्षकांनी पकडलं, त्याच वर्षी डब्ल्यूडीच्या एसएन५५० मध्ये चिप बदलल्यावर धक्का भरल्यानंतरचा वेग घटल्याचं उघड झालं. मोठ्या कंपन्यांची ही तऱ्हा. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा यूट्यूब रिव्ह्यू पाहून आज तीच वस्तू घेतली तर तीच मिळेल याची खात्री नाही. म्हणून मी सगळ्यात आधी वॉरंटीची वर्षं आणि टीबीडब्ल्यू पाहते. टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी जबाबदारी घेते तो आकडा.

हा आकडा पाहून लोक घाबरतात, तेवढं कारण नाही. २४० जीबीच्या साध्या साटा एसएसडीला, किंग्स्टनची ए४०० घ्या, ८० टीबीडब्ल्यू आणि तीन वर्षं मिळतात. बाबा दिवसाला फार तर १० जीबी लिहीत असतील. वर्षाचे साडेतीन-पावणेचार टेराबाइट. ऐंशी संपायला एकवीस-बावीस वर्षं. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओच्या ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षं आहेत. भाच्याने रोज ६० जीबी लिहिले तरी त्याला तेरा वर्षं पुरतील. तेव्हा एसएसडी लिहून लिहून झिजेल ही भीती घरात सोडून द्या. पण तीन वर्षांची वॉरंटी आणि पाच वर्षांची वॉरंटी यांत कंपनीला स्वतःच्याच मालावर किती भरवसा आहे ते दिसतं.

बाजारात गेलो तेव्हा पहिल्याच दुकानात काउंटरवरच्या भाईंनी विचारलंही नाही की मशीन कोणतं. "बेन, आ लई जाव, फर्स्ट क्लास छे." डब्यावर नाव असं की मी कधी ऐकलं नव्हतं, आणि भाव इतरांच्या दोनतृतीयांश. बिल मागितलं तर म्हणाले, बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा. आम्ही उठलो. अठरा टक्के वाचतात खरे, पण पक्क्या बिलावर सीरियल नंबर नसला तर दोन वर्षांनी वॉरंटी मागायला कोणत्या तोंडाने जाणार? तिसऱ्या दुकानात पक्कं बिल मिळालं, आणि पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी पाहिली. दुकानदार हसला, पण नाही म्हणाला नाही.

अनोळखी नावाचा माल निदान असतो तरी डिस्कच. त्याहून वाईट प्रकार आमच्याच नात्यात घडला. काकांनी ऑनलाइन जाहिरात पाहून खिशात मावणारी १६ टेराबाइटची "पोर्टेबल एसएसडी" मागवली, एका घरगुती जेवणाच्या बिलाएवढ्या पैशांत. कॉम्प्युटरला जोडली तर १६ टेराबाइट दाखवतही होती. त्यांनी मुलीच्या लग्नाचं सगळं शूटिंग तिच्यात टाकलं, फाइलींची नावं यादीत दिसली, आणि लॅपटॉपवरून मूळ फाइली पुसल्या. पुढच्या महिन्यात व्याह्यांना दाखवायला बसले तर सुरुवातीची हळद तेवढी दिसली. पुढची एकही फाइल उघडेना. मी ती डबी उघडली. आत मोबाइलमध्ये घालतो तसं छोटं मेमरी कार्ड आणि वजनासाठी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. कार्ड स्वतःबद्दल खोटं सांगतं, जागा संपली की आधीच्यावरच लिहीत जातं किंवा लिहिल्याचं नुसतं नाटक करतं. नशिबाने फोटोग्राफरकडे मूळ प्रत होती. त्याने ती द्यायला पुन्हा पैसे घेतले आणि काकूंनी काकांना अजून माफ केलेलं नाही.

म्हणून नवी कुठलीही एसएसडी, पेन ड्राइव्ह किंवा कार्ड आलं की काही ठेवण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतं. वेळ लागतो, लागू द्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हेही फुकट आहे. डिस्कची तब्येत किती टक्के उरली, किती तास चालली, किती लिहिलं गेलं ते दाखवतं. "नवी" म्हणून घेतलेली एसएसडी आधीच चार हजार तास चाललेली निघाल्याचं मी एकदा त्याच्यातच पाहिलं आहे.

शेवटी बाबांसाठी ५०० जीबीची साटा घेतली, डीरॅमवाली, पाच वर्षांची. भाच्यासाठी एक टेराबाइटची जेन ४ टीएलसी. २४० घेऊन पैसे वाचवावेत असं बाबांचं म्हणणं होतं, पण विंडोज, तिचे अपडेट आणि चार प्रोग्राम यांत ती लवकरच काठोकाठ भरते, आणि भरलेली एसएसडी सुस्त होते; पंधरा-वीस टक्के मोकळी राहील अशी घ्यावी. भाव मुद्दाम लिहीत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपांची मागणी एवढी वाढवली आहे की हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत माझे आकडे शिळे होतील. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रुशल या नावाने घरगुती ग्राहकांना माल विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्याच्यामागेही हेच. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी चालू राहील असं कंपनीने सांगितलं आहे, तेव्हा क्रुशलवाल्यांनी घाबरू नये. मजा म्हणजे याच मायक्रॉनने २०२३ मध्ये आपल्या साणंदला चिपा जोडण्या-तपासण्याचा कारखाना जाहीर केला. भाच्याला वाटलं, म्हणजे आता गुजरातेत एसएसडी स्वस्त. तसं काही होत नसतं रे बाळा.

बाबांच्या मशीनबद्दल आणखी एक प्रश्न होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मग त्याच्यावर खर्च का करायचा? मी हिशेब असा केला की साटा एसएसडी वाया जात नाही. मशीन गेलं तर तीच दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये जाईल, नाहीतर स्वस्तातल्या केसिंगमध्ये घालून यूएसबीला जोडता येईल. सुरक्षेच्या अपडेटची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय आहे, ती घेतली. त्यानंतर भाचा लिनक्स टाकून देणार आहे. बाबांना पत्रं, फोटो आणि मंडळाचा हिशेब एवढंच करायचं असतं.

बसवण्यात काही विशेष नाही. आजारी डिस्कची हुबेहूब नक्कल न करता विंडोज नव्याने टाकली, म्हणजे जुना कचरा आला नाही. भाच्याने स्वतःच्या लॅपटॉपचं काम करताना एम डॉट टूचा तो तिळाएवढा स्क्रू फरशीवर पाडला आणि पाऊण तास आम्ही दोघं टॉर्च घेऊन जमिनीवर रांगत होतो. बाबांनी बटण दाबलं, सवयीने उठले, चहाचं आधण ठेवलं आणि मागे वळून पाहिलं तर आजीचा फोटो पडद्यावर. "झालं एवढ्यात?" म्हणाले. मग चहा तसाच उकळत राहिला.

आता त्या फोटोंचं. इथे मी एसएसडीची बाजू घेणार नाही. हार्ड डिस्क बहुतेक वेळा मरताना टिकटिकते, एक-दोन दिवस देते. एसएसडी रात्री चांगली असते आणि सकाळी कॉम्प्युटरला दिसतच नाही. पुसलेल्या फाइलींचे कप्पे ती मागच्या मागे स्वतःच साफ करून टाकते, त्यामुळे चुकून पुसलेलं परत काढणं हार्ड डिस्कइतकं सोपं राहत नाही. आणि कप्प्यांतला तो विजेचा भार हळूहळू गळतो. या धंद्यातल्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडी पूर्ण झिजेपर्यंत वापरल्यानंतर, वीज न देता, ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवू शकली पाहिजे. नवी असेल तर याहून पुष्कळ जास्त टिकते. पण उष्णता वाढली की मुदत घटते, आणि सुरतेतला पत्र्याखालचा माळा मे महिन्यात ३० अंशांचा नसतो. फोटो एसएसडीत भरून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवून द्यायची ही कल्पना चुकीची आहे.

जेन ५ न घेतल्याने वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून दोन टेराबाइटच्या दोन साध्या बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या. एक बाबांच्या टेबलाच्या खणात असते. भाचा म्हणाला, दोन्ही इथेच ठेवू, सोयीचं पडेल. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हाताने भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर रेघ ओढून दाखवली. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

दुसरी डिस्क मी स्वतः अमळनेरला घेऊन गेले, ताप्ती लाइनच्या गाडीने, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून. आत्याने ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "यात आईचा तो हसरा आहे ना?" विचारलं. आहे म्हटल्यावर कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली. दर दिवाळीला ती सुरतेला यायची, जोडून तपासायची, नवे फोटो भरून घ्यायची आणि भाऊबीज झाली की परत जायची, असं ठरलं आहे.